जाम घाट उतरण्याआधी

[पहाटेचं इंदूर. गॅरेजचं शटर वर जातं.]

सन 1952ची एमजी टीडी, दोन सीटांची ब्रिटिश स्पोर्ट्स गाडी. 1250 सीसी, 54 हॉर्सपॉवर. इंदूरचे महाराज दुसरे यशवंतराव होळकर यांच्या ड्यूसेनबर्ग या अमेरिकन गाडीची ताकद 320 सांगितली जायची; तिच्यापुढे ही सायकलच म्हणायची. पण महू, जाम दरवाजा, मंडलेश्वर करत महेश्वर गाठायला 54 पुरतात. वाटेत अडवते ती उष्णता.

आधी पेट्रोल. पंपावर आता 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं मिळतं. त्याने जुनं रबर फुगतं, मऊ पडतं, म्हणून टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतच्या सगळ्या रबरी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घ्यायच्या. शिवाय हवा-पेट्रोलचं मिश्रण पातळ होतं, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडतं. हे मिश्रण बनवणाऱ्या एसयू कार्ब्युरेटरच्या जेटखाली (पेट्रोल येण्याच्या छिद्राखाली) षट्कोनी नट असतो. तो एक पैलू खाली फिरवला की मिश्रण थोडं दाट होतं. कार्ब्युरेटर दोन आहेत, दोन्ही सारखेच फिरवायचे.

[जवळून: पातळ स्क्रूड्रायव्हरने कार्ब्युरेटरचा पिस्टन जेमतेम 1 मिलिमीटर वर.]

आता कान द्यायचा. इंजिनाचा वेग क्षणभर वाढून जागेवर आला तर बरोबर. वाढून तसाच राहिला तर दाट. इंजिन बसायला लागलं तर पातळ.

महूला चहाला थांबलात, दहा मिनिटांनी गाडी सुरूच होईना, तर बॅटरीला दोष देण्याआधी पंप ऐका. टीडीचा पेट्रोल पंप बॉनेटखाली, इंजिनाच्या धगीतच बसवलेला आहे. चावी फिरवल्यावर चार-सहा टिकटिक करून गप्प झाला तर ठीक. भराभर वाजतच राहिला, तर नळीत पेट्रोलची वाफ झाली आहे. बॉनेटचे दोन्ही पंख उघडा, नळीवर ओलं फडकं ठेवा आणि पंधरा मिनिटं दुसरा चहा घ्या. फक्त पंपाच्या तारांवर पाणी नको.

बॅटरी खरंच उतरली असेल, तर दुसऱ्या गाडीची तार जोडण्याआधी एक लक्षात ठेवा: आजच्या गाड्यांच्या उलट, इथे बॅटरीचं अधिक टोक चासीला जोडलेलं असतं.

या इंजिनाची खरी खोड बोल्टांत आहे. एमजीच्या मागे असलेल्या मॉरिसने 1923मध्ये कॉव्हेंट्रीतला हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा कारखाना घेतला. तिथल्या यंत्रांवर मेट्रिक आटे पडत. इंग्लिश पाने चालावेत म्हणून डोकी व्हिटवर्थ या इंग्लिश मापाची ठेवली. तीच रीत टीडीपर्यंत आली. त्यामुळे 8 मिलिमीटरच्या बोल्टाच्या आट्यांमधलं अंतर इथे 1 मिलिमीटर. इंदूरच्या सियागंज बाजारात सहज मिळतो त्याचं 1.25. असा बोल्ट दोन फेरे छान बसतो, मग अडतो. पाना लावून जोर केला की ब्लॉकमधले आटे गेलेच, इंदुरी भाषेत चूडी मेली. जुना बोल्ट काढला की चिठ्ठी लावून डबीत ठेवायचा.

इंजिनाचं तेल 20डब्ल्यू-50 जाडीचं, खनिज. पातळ सिंथेटिक घातलं तर क्रँकच्या मागच्या टोकातून गळतं. तिथे रबरी सील नाही, तेल परत इंजिनात ढकलणारे आटे आहेत. उभ्या गाडीखाली चार थेंब दिसले तर घाबरू नका.

[जाम दरवाजा. खाली निमाड.]

इथून उतार. चारही चाकांना ड्रम ब्रेक. ड्रम तापला की फुगतो, लायनरपासून (आतल्या घर्षणपट्टीपासून) दूर जातो, आणि पेडल खोल जातं. त्यात ब्रेक ऑइल जुनं असेल तर तेही उकळतं: नवं डॉट 4 दर्जाचं किमान 230 अंशांपर्यंत टिकतं, ओलावा शोषलेलं 155ला हार मानतं. म्हणून दर दोन वर्षांनी पूर्ण बदलायचं. नाव ऑइल असलं तरी त्यात इंजिनाचं तेल थेंबभरही चालत नाही, रबर फुगून ब्रेक अडकतो.

दुसरा गिअर उतार सुरू होण्याआधीच टाकायचा. पहिल्याला सिंक्रोमेश (गिअर सहज बसवणारी योजना) नाही. उतारावर तो शोधत बसलात तर कर्रकर्र आवाज आणि मोकळी सुटलेली गाडी, एवढंच हाती येतं.

घाट संपल्यावर हात न टेकवता चारही चाकांची धग तपासा. एकच चाक जास्त तापलं असेल तर तो ब्रेक घासतोय. ॲडजस्टर एक-दोन टिक सैल करून चाक हाताने फिरवून बघा. तरी मोकळं झालं नाही, तर चाकातला ब्रेक दाबणाऱ्या व्हील सिलिंडरचा पिस्टन अडकलाय. मग गाडी ट्रकवर चढवायची.