पी-वेव्ह कुठे गेली?

(दृश्य: मशीनमधून सरकत येणारी ईसीजीची पट्टी)

ही पट्टी नीट बघा. उंच टोकं म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्यांचे ठोके. दोन टोकांत कधी तीन मोठे चौकोन, कधी पाच, मध्येच दोन. प्रत्येक टोकाआधी एक छोटा उंचवटा यायला हवा, पी-वेव्ह, म्हणजे वरच्या कप्प्यांची खूण. तो कुठेच नाही. आहे ती नुसती थरथरती रेघ.

हे एट्रियल फिब्रिलेशन. डॉक्टरांच्या तोंडी ‘एएफ’.

हृदयाचे वरचे कप्पे यात मिनिटाला ३५० ते ६०० वेळा फडफडतात. धड आकुंचन होतच नाही. मध्ये एव्ही नोड आहे, वरून खाली जाणाऱ्या विजेच्या संदेशांचं नाकं, म्हणून निभावतं; तो बरेचसे संदेश अडवून धरतो. तरीही नाडी सवाशे-दीडशेवर जाते. कुणाला धडधडतं, कुणाला जिना चढताना दम लागतो. आणि कुणाला काहीच कळत नाही, ते जास्त वाईट.

(दृश्य: हृदयाचं मॉडेल, डावा वरचा कप्पा)

कारण धोका मेंदूला आहे. डाव्या वरच्या कप्प्याला ही बोटाएवढी पिशवी असते. फडफडीत इथलं रक्त साचतं, गुठळी होते, आणि निसटली की पक्षाघात. म्हणून ठोके आवरायच्या गोळ्यांबरोबर अनेकांना रक्त पातळ ठेवायची गोळीही लागते. अपिक्साबानसारख्या नव्या गोळ्या बहुतेकांना चालतात. लहानपणच्या संधिवाताच्या तापानं मायट्रल झडप (डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली) आवळली असेल, तर मात्र जुनं वॉरफरिनच. मग आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ते सांगणारा तपासणीतला आकडा, सहसा २ ते ३ मध्ये ठेवायचा. मेथी-पालकानं वॉरफरिनचा असर बदलतो, पण त्या सोडायला कुणी सांगत नाही. आठवडाभर रोज आणि मग महिनाभर नाही, असं केलं की आकडा हलतो.

१९९८ साली फ्रान्समधल्या बोर्दोच्या डॉक्टरांनी ४५ पेशंट तपासून दाखवलं, की एएफ पेटवणाऱ्या बहुतेक ठिणग्या फुफ्फुसाकडून येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी पडतात. आज जांघेतल्या शिरेतून कॅथेटर, म्हणजे बारीक नळी, नेऊन त्या तोंडांभोवतीचा भाग डागतात किंवा गोठवतात. त्याला अॅब्लेशन म्हणतात. काहींना ते पुन्हा करावं लागतं, आणि रक्त पातळ ठेवायची गोळी सुटेलच असंही नाही.

(दृश्य: मनगटावर टेकलेली तीन बोटं)

नाडी बघायची तर पूर्ण मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चारानं गुणलं, तर अशी नाडी हमखास फसवते. आणि ताल चुकतोय असं वाटलं, की त्याच वेळी ईसीजी काढून घ्या. एएफ येतं-जातं, उद्या गेलात तर पट्टीवर पी-वेव्ह जागच्या जागी असेल.