भरल्या टाकीचं गणित

[दृश्य: नाशिक, सातपूर. रात्र. खोलीत लोखंडी रिग, त्यावर स्टिअरिंग आणि पेडल.]

सातपूर-अंबडच्या कारखान्यांमध्ये दिवसभर सीएनसी मशीन चालवणारा हा तरुण रात्री बेल्जियममध्ये असतो. पडद्यावर स्पा-फ्रँकोरशाँ, 7.004 किलोमीटरचा ट्रॅक. मोटार शर्यतीचा व्हिडिओ गेम आहे, इटलीच्या कुनोस कंपनीने 2019 मध्ये आणलेला 'असेटो कोर्सा कॉम्पिटिझिओने'. गाडी जीटी3 वर्गातली, म्हणजे रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारची शर्यतीसाठी बनवलेली आवृत्ती; शर्यत एका तासाची. आणि त्याच्या मांडीवर वही.

[वहीतले आकडे जवळून.]

त्याचा लॅप, म्हणजे ट्रॅकची एक फेरी, 2 मिनिटं 18 सेकंदांचा, म्हणजे 138 सेकंद. लॅपला पेट्रोल साडेतीन लिटर. तासाचे 3600 सेकंद 138 ने भागले तर 26 लॅप होतात आणि 12 सेकंद उरतात. या 12 सेकंदांनी अनेकांच्या शर्यती बुडवल्या आहेत. वेळ संपली की गाडी तिथेच थांबवायची नसते, चालू लॅप पुरा करावा लागतो. आघाडीच्या गाडीने 12 सेकंद शिल्लक असताना रेषा ओलांडली, की सत्ताविसावा लॅप आलाच. तीच गाडी लॅपला अर्धा सेकंद हळू असेल, तर 26 लॅपना 3601 सेकंद लागतात आणि शर्यत तिथेच संपते. म्हणून हिशोब आपल्या नव्हे, आघाडीच्या गाडीच्या वेगावर मांडायचा. तो 27 लॅपचे साडेचौऱ्याण्णव लिटर धरतो, फॉर्मेशन लॅपचे, म्हणजे शर्यत सुटण्याआधी रांगेत मारायच्या फेरीचे, आणखी साडेतीन. झाले 98.

आता सेटअप, म्हणजे शर्यतीआधी गाडीची जुळवणी. पेट्रोल लिटरला साधारण पाऊण किलो भरतं. 98 लिटर म्हणजे 73 किलो, जणू शेजारच्या सीटवर एक धडधाकट माणूस बसवलाय. या वजनाने गाडी खाली बसते, आणि स्पाच्या ओ रूज वळणाच्या खोलगट भागातून वर चढताना तळ रस्त्याला घासतो. तळ घासला की पकड जाते. म्हणून राइड हाइट, म्हणजे तळाची रस्त्यापासूनची उंची, भरल्या टाकीवरच तपासायची. रिकाम्या टाकीवर एक झकास लॅप मारायचा आणि तोच सेटअप शर्यतीला लावायचा, ही पद्धत चुकीचीच आहे, असं आम्ही ठामपणे म्हणतो.

पुढची अडचण अर्ध्या शर्यतीनंतर येते. पोर्शे 911 जीटी3 आर घ्या. इंजिन मागे, पेट्रोलची टाकी पुढे. पेट्रोल जळत जातं तसं गाडीचं नाक हलकं होत जातं, पुढची चाकं वळणात शिरायला कुरकुरतात. हेच अंडरस्टिअर. सस्पेन्शन तर धावत्या गाडीत बदलता येत नाही, मग तो ब्रेकचा जोर थोडा थोडा मागच्या चाकांकडे सरकवतो. स्टिअरिंगवरच्या बटणाचं काम आहे.

टायरची हवाही तशीच. पंक्चरच्या दुकानात आपण थंड टायरची हवा मोजतो. इथे लक्ष्य असतं तापलेल्या टायरचं, 26 ते 27 पीएसआय. सुरुवातीला कमी भरायची, दोन-तीन लॅपमध्ये ती वर येते.

[दृश्य: कसारा घाट, उतरणाऱ्या गाड्या.]

पेट्रोल वाचवण्याची रीत नाशिककराला नवी नाही. कसारा घाट उतरताना गाडी न्यूट्रल करू नये, हे जाणता ड्रायव्हर सांगतोच. गाडी गिअरमध्ये ठेवून पाय काढला, की आजच्या इंजिनात इंधन फवारणारे इंजेक्टर बंद होतात. न्यूट्रलमध्ये इंजिन पेट्रोल पीत राहतं आणि सगळा भार ब्रेकवर येतो. इंजेक्टर म्हणजे काय हे या गावाला समजावून सांगायची गरज नाही, सातपूरला बॉशचा कारखाना तेच बनवतो. ट्रॅकवर युक्ती तीच: ब्रेकच्या खुणेच्या जरा आधी ॲक्सिलरेटर सोडायचा, गाडी वाहू द्यायची, मग ब्रेक. 'ग्रॅन टुरिस्मो 7' या दुसऱ्या गेममध्ये याच्या जोडीला फ्युएल मॅप असतो, म्हणजे इंजिनाला किती पेट्रोल द्यायचं ते ठरवणारी सेटिंग, 1 ते 6. आकडा चढेल तशी ताकद कमी, बचत जास्त.

तासाभराच्या शर्यतीत मात्र एवढी काटकसर नको. जादा लॅपचं पेट्रोल सरळ भरावं, अडीच किलोने काही बिघडत नाही. बचतीची खरी जागा लांबच्या शर्यतीत, जिथे एक पिट, म्हणजे पेट्रोल भरायला थांबणं, टळतो. 2016 च्या इंडियानापोलिस 500 या अमेरिकेतल्या शर्यतीत पदार्पण करणाऱ्या अलेक्झांडर रॉसीने शेवटची टाकी ताणत शर्यत जिंकली. इतर आघाडीवीर पेट्रोल भरायला आत गेले, तो गेला नाही. रेषा ओलांडल्यानंतर गाडी ओढून आणावी लागली.

[वहीचं शेवटचं पान.]

120 लिटरच्या टाकीत आपल्या तरुणाचे 34 लॅप होतात. लांबच्या शर्यतीत एक पिट टाळायला त्याला 36 हवेत, म्हणजे सहा लिटर कमी पडतात. पहिल्या लॅपपासून वाचवलं तर लॅपला 170 मिली पुरतात, आणि सुरुवातीच्या घोळक्यात पुढच्या गाडीच्या आडोशाने ते सहज निघतात. तेच शेवटच्या सहा लॅपवर ढकललं, तर दर लॅपला अख्खा लिटर सोडावा लागतो.