रेटिनोस्कोपी शिकवताय? मग आधी सुतळी घ्या

नमस्कार मंडळी! आजचा व्हिडिओ ऑप्टोमेट्री शिकवणाऱ्यांसाठी आहे, विद्यार्थ्यांनी बघितला तर छानच, पण बोलतेय मी शिक्षकांशी. विषय रेटिनोस्कोपी, म्हणजे स्कोपने डोळ्यात प्रकाश टाकून, आतून परत येणारी चमक बघत चष्म्याचा नंबर काढणं.

गेल्या महिन्यात आम्ही वेगवेगळ्या कॉलेजांतले पाच-सहा जण रात्री व्हिडिओ कॉलवर बसलो होतो आणि सगळ्यांची तक्रार एकच, की मुलांना थिअरी तोंडपाठ आहे, विथ दिसलं, म्हणजे चमक प्रकाशाच्याच दिशेने सरकली, की प्लस लावा, अगेन्स्ट दिसलं, म्हणजे उलटी सरकली, की मायनस, पेपरात घडाघडा लिहितात, आणि स्कोप हातात दिला की "मॅडम, काहीच दिसत नाहीये".

मला वाटतं त्यांना खरंच दिसत नसतं. स्कोपच्या त्या बारीक भोकातून एका वेळी एकच डोळा बघू शकतो ना! आपण पेशंटसमोर बसून "हे बघा, विथ आलं" म्हणतो, तेव्हा मागे उभ्या पोरांना फक्त आपली पाठ दिसते. जे कधी बघितलंच नाही ते ओळखणार कसं?

त्या कॉलवर एका सरांनी सांगितलं, मोबाईलचा कॅमेरा त्या भोकाला लावा. मी केलं. पहिले दोन दिवस फोन नुसता घसरत होता, मग पुठ्ठ्याची चौकट कापून त्यात बसवला. समोर मॉडेल आय, म्हणजे सरावाचा नकली डोळा. आता ही क्लिप बघा. मागची नळी आत ढकलली, रिफ्लेक्स, म्हणजे ती चमक, माझ्या स्ट्रीकच्याच, म्हणजे प्रकाशाच्या पट्टीच्याच, दिशेने चाललाय, हा विथ. आता नळी चांगली बाहेर ओढली, डोळा मायोपिक, म्हणजे मायनस नंबरचा, झाला, आणि बघा, रिफ्लेक्स उलटा पळतोय. वर्गातल्या सगळ्यांनी एकाच वेळी हे स्क्रीनवर बघितलं तेव्हा मागच्या बाकावरून "अच्छा, हे होय!" असं आलं आणि मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

एक सांभाळा, स्लीव्ह, म्हणजे स्कोपच्या दांड्यावरची वर-खाली सरकणारी कडी. कोणत्या कंपनीचा स्कोप आहे ते बघा, काहींमध्ये स्लीव्ह वर तर काहींमध्ये खाली ठेवावी लागते, चुकली की विथचं अगेन्स्ट दिसतं आणि पोरगं बिचारं स्वतःलाच दोष देत बसतं.

आता सुतळी. पेशंटपासून ६७ सेंटीमीटरवर बसलो तर आलेल्या नंबरातून त्या अंतराचे १.५० डायॉप्टर वजा करायचे, हे सगळ्यांना माहितीये, पण रिफ्लेक्स अंधुक दिसला की पोरं नकळत पुढे सरकतात. समजा पेशंट +२.०० चा आहे. ६७ वर न्यूट्रल, म्हणजे रिफ्लेक्सची हालचाल थांबते तो नंबर, +३.५० ला मिळेल, वजा १.५०, बरोबर. पण हा सरकत सरकत ५० वर आला तर न्यूट्रल +४.०० ला, आणि सवयीने वजा १.५०, उत्तर +२.५०. अर्धा डायॉप्टर गेला! म्हणून स्कोपच्या मानेला सुतळी बांधा, ६७ वर गाठ मारा, गाठ ट्रायल फ्रेमला, म्हणजे पेशंटला घातलेल्या तपासणीच्या चष्म्याला, टेकलीच पाहिजे. महिनाभरात हात स्वतःहून तिथे थांबतो, मग सोडा सुतळी.

आणि पेशंटच्या उजव्या डोळ्याला आपला उजवा डोळा, डाव्याला डावा, यात अजिबात सूट देऊ नका. सगळ्यांना आपल्या आवडत्या डोळ्यानेच बघायचं असतं, मग डोकं पेशंटच्या मधे येतं, लांबचा चार्ट झाकला जातो, पेशंट स्कोपकडेच बघायला लागतो, अॅकोमोडेशन, म्हणजे जवळचं बघायला डोळ्याने फोकस करणं, सुरू होतं आणि प्लस कमी येतो. लहान मुलांमध्ये तर हमखास.

"नंबर काढणारं ऑटोरेफ मशीन असताना हे कशाला?" हा प्रश्न येतोच. मी त्यांना तीन वर्षांच्या मुलाची हनुवटी मशीनवर टेकवून दाखवा म्हणते. आणि केराटोकोनसमधला, म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा शंकूसारखा पुढे येतो त्या आजारातला, तो कात्रीसारखा उघडमीट करणारा रिफ्लेक्स, तो ऑटोरेफच्या कागदावर छापून येत नाही, स्कोपमध्येच दिसतो.

सिलिंडर आणि अॅक्सिस, म्हणजे सिलिंड्रिकल नंबर आणि त्याचा कोन, आज मुद्दाम घेतलं नाही. माझ्या वर्गात पहिले तीन आठवडे मी स्ट्रीक फिरवूच देत नाही, सगळे फक्त उभी स्ट्रीक डावीकडून उजवीकडे नेतात, सुतळी ताणून, आणि न्यूट्रलला बुबुळामधली बाहुली एकदम भरून उजळली की हात वर करतात.