मधातील परागकण काय सांगतात

श्रोतेहो, नमस्कार. महाबळेश्वरच्या बाजारात मधाच्या बाटल्यांवर जांभूळ, हिरडा, गेळा, कारवी अशी झाडाझुडपांची नावे दिसतात आणि त्या नावावर विश्वास ठेवून आपण बाटली उचलतो. रंग आणि चव यांवरून जाणकाराला अंदाज बांधता येतो, पण अंदाज म्हणजे पुरावा नव्हे. पुरावा मधातच असतो, परागकणांच्या रूपाने, आणि त्यांच्या तपासणीविषयी आज बोलायचे आहे.

माशी मकरंद शोषते तेव्हा फुलातील पराग त्या रसात पडलेले असतात. काही तिच्या अंगावरील केसांना चिकटून पोळ्यात येतात, काही पोळ्यात साठवलेल्या परागांतून मिसळतात. पोळे पिळून मध काढला तर हे साठवणीतले पराग भरमसाट उतरतात. म्हणून मध यंत्राने काढला की पिळून, हे तपासणाऱ्याला आधी कळायला हवे.

तपासणीची मूळ रीत साधी आहे. 10 ग्रॅम मध कोमट पाण्यात विरघळवून सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे वेगाने गरगर फिरणाऱ्या यंत्रात, फिरवतात, तळाशी बसलेला गाळ काचपट्टीवर घेतात, ग्लिसरीन जेलीत बसवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली निदान काहीशे कण ओळखून मोजतात. जांभळाचा कण अगदी लहान आणि समोरून पाहिल्यास त्रिकोणी दिसतो. सूर्यफुलाच्या कणावर सगळीकडे काटे असतात. बाभळीचे कण एकेकटे नसून अनेकांच्या घट्ट जुडग्याने येतात. गवताचा कण गुळगुळीत, गोल आणि एकाच छिद्राचा असतो. गवताला मकरंद नसल्यामुळे तो दिसला तरी मधाचा उगम ठरवताना जमेस धरायचा नसतो.

खरी कसोटी मोजणी संपल्यावर सुरू होते. लूव्हो, ॲना मॉरित्सिओ आणि फोरवोल या संशोधकांनी 1978 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीनुसार 45 टक्क्यांहून अधिक आढळणारा पराग प्रमुख, 16 ते 45 टक्के असलेला दुय्यम आणि 3 ते 15 टक्के असलेला गौण मानतात. मात्र हा आकडा परागांचा आहे, मकरंदाचा नाही, आणि माझ्या मते या विषयातील बहुतेक घोटाळे इथेच होतात. चेस्टनटच्या झाडाचे कण बारीक आणि विपुल असल्यामुळे युरोपात त्या मधाकडून 90 टक्क्यांच्या आसपास परागांची अपेक्षा ठेवतात. उलट संत्रावर्गीय फुलांत पराग कमी असल्यामुळे 10 ते 20 टक्के पराग आढळले तरी तो मध संत्र्याचा ठरू शकतो. शिवाय माशीच्या मधपिशवीच्या मागच्या टोकाशी एक गाळणी असते आणि ती मोठे कण लहानांपेक्षा अधिक प्रमाणात काढून टाकते. तेव्हा नुसती टक्केवारी वाचून निकाल देणारा अहवाल अपुरा समजावा.

काही ठिकाणी सूक्ष्मदर्शकही हात टेकतो. जांभूळ आणि निलगिरी एकाच कुळातली असल्याने त्यांचे कण एकमेकांसारखे दिसतात आणि ते वेगळे करायला सरावलेली नजर लागते. न्यूझीलंडमधील मानुका आणि कानुका या वनस्पतीही याच कुळातल्या. त्यांचे कण तर वेगळे काढताच येईनात, म्हणून त्या देशाने 2018 पासून निर्यातीच्या मानुका मधासाठी चार रासायनिक घटक आणि एक डीएनए खूण अशी परीक्षा लागू केली. साखरेच्या पाकाची भेसळही केवळ परागांवरून सिद्ध होत नाही, कारण अस्सल मधात पाक मिसळला तरी पराग त्यात उरतातच. त्यासाठी रासायनिक चाचण्याच हव्यात.

पण मध कुठला आणि केव्हाचा, हे सांगण्यात परागांची बरोबरी करणारे फारसे काही नाही. सह्याद्रीतील कारवी दर सात-आठ वर्षांनी एकदाच, पावसाळ्याच्या अखेरीस सामूहिक बहरते. तिचे कण मोठे आणि नक्षीदार असतात. एखाद्या सातेरी जातीच्या माशीच्या मधात ते मुबलक सापडले, तर हा मध डोंगरातला आहे आणि त्या परिसरात कारवी फुलली त्या वर्षीचा आहे, असे बऱ्याच खात्रीने म्हणता येते. जांभूळ आणि हिरडा उन्हाळ्यात फुलतात. त्यांच्याच परागांनी भरलेला मध शरदातला म्हणून कोणी विकू लागला, तर त्याला जाब विचारता येतो.

मात्र ओळख पटवायला तुलनेसाठी त्याच परिसरातील फुलांच्या संदर्भ-काचपट्ट्या लागतात, आणि परदेशी चित्रसंग्रह आपल्या गेळा किंवा आखरा यांसारख्या स्थानिक झाडाझुडपांना उपयोगी पडत नाहीत. मधपाळ बंधुभगिनींना माझी आग्रहाची विनंती आहे की, बहराच्या दिवसांत उमलण्याच्या बेतातील कळ्या कागदी पाकिटात वाळवून ठेवाव्यात, पाकिटावर झाडाचे स्थानिक नाव, गाव आणि तारीख लिहावी, आणि मधाचा नमुना तपासणीस पाठवताना ती पाकिटे, मध काढल्याची तारीख आणि काढण्याची रीत सोबत द्यावी.