टायरातली हवा आणि खोटं शून्य

म्हापशाला रस्त्याच्या कडेला हे पंक्चरचं दुकान. मे महिना, दुपारचे दोन, डांबर असं तापलंय की चप्पल चिकटते. पत्रादेवीहून सुसाट आलेली एक गाडी थांबते, ड्रायव्हर म्हणतो हवा चेक कर. मीटर लावला तर काटा 36 च्याही पुढे, सकाळी तर 32 भरली होती! ड्रायव्हर म्हणतो काढ जरा हवा. पंक्चरवाला बाब मीटर काढून घेतो आणि एवढंच म्हणतो, "थंड जांव दी, मागीर यो." (थंड होऊ दे, मग ये.)

बरोबर बोलला तो, कसं ते बघू.

टायर रबराचा असला तरी फारसा फुगत नाही, म्हणजे आतली जागा जवळपास तेवढीच. हवा तापली की तिचे रेणू जोरात पळतात, टायरच्या आतल्या बाजूला जास्त जोरात आणि जास्त वेळा आपटतात, आणि ह्या आपटण्यालाच आपण प्रेशर म्हणतो. समजा सकाळी आतली हवा 27 डिग्री होती आणि आता 57 झालीय. दुपटीच्या वर गेली ना, मग प्रेशर पण दुप्पट का नाही झालं? टायर फुटला कसा नाही?

कारण सेल्सियसचं शून्य हे खरं शून्य नाहीच, ते आपलं बर्फाच्या सोयीने धरलेलं. वायूचं शून्य खूप खाली आहे, उणे 273 च्या जरा खाली. तिथून मोजलं तर 27 म्हणजे 300 आणि 57 म्हणजे 330. वाढ झाली फक्त दहा टक्के, आणि प्रेशर पण तेवढंच वाढतं.

आता गंमत म्हणजे मीटरचं शून्य पण खोटं! टायर पूर्ण बसलेला असला, काटा शून्यावर असला तरी आत बाहेरच्याइतकी हवा असतेच, साधारण 14.7 पीएसआय (मीटरवरचे आकडे ह्याच मापात असतात). म्हणून 32 म्हणजे खरे 46.7, त्यात दहा टक्के वाढवा, 51.4 झाले, त्यातून 14.7 वजा करा. उरले 36.7. काटा नेमका तिथेच होता.

हे उणे 273 आलं कुठून? जाक शार्ल ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1787 च्या सुमारास वायू तापवून बघितले पण छापलं काहीच नाही, 1802 मध्ये गे-ल्युसॅकने स्वतःचे प्रयोग छापले आणि श्रेय शार्लला पण दिलं (असा भला माणूस विरळाच). प्रेशर तेच ठेवून वायू थंड करत गेलं तर प्रत्येक डिग्रीला तो सारखाच आक्रसतो, ती रेघ कागदावर खाली ओढत नेली की उणे 273 ला आकारमान शून्य. खरा वायू तिथे पोचायच्या आधीच द्रव होतो, ते सोडा.

आता चला समुद्रावर. ग्रँड आयलंडला स्कूबा करायला नेतात तेव्हा एक गोष्ट बजावून सांगतात, वर येताना श्वास रोखायचा नाही. टेंपरेचर तेच असेल तर प्रेशर दुप्पट झालं की वायूची जागा निम्मी होते, हे रॉबर्ट बॉइल ह्या शास्त्रज्ञाने 1662 मध्ये काचेच्या वाकड्या नळीत पारा ओतून दाखवलं होतं. पाण्यात दहा मीटर खाली प्रेशर वरच्या दुप्पट असतं. पण पाच मीटरवरून दहावर गेलं तर दुप्पट होत नाही हां, दीडपटीवरून दुप्पट होतं, कारण पाण्यात उतरायच्या आधीच डोक्यावर हवेचं एकपट प्रेशर बसलेलं असतं. परत तोच शून्याचा घोळ! म्हणून खाली वीस मीटरवर भरलेला फुगा वर आणला तर दहावर येताना त्यातली हवा दीडपट जागा घेते, पण शेवटच्या दहा मीटरात थेट दुप्पट. फुग्याच्या जागी छाती आहे असं समजा, तोंड बंद असेल तर ती हवा जाणार कुठे?

परत म्हापसा. त्या ड्रायव्हरने काल हट्टाने गरम टायरातली हवा 32 पर्यंत काढली असती तर आज सकाळी मीटरवर 28 पण दिसले नसते. तो आलाय आत्ता, सात वाजता, गाडी रात्रभर उभी होती. बाब मीटर लावतो. 32. पाइप परत खुंटीला, पैसे नाही घेतले.