जोडलेल्या घराचे सणवार

अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, बंधू आणि भगिनींनो,

संयोजकांनी मला सुचवलेला विषय 'कुटुंबसंस्थेपुढील आव्हाने' असा होता. मी त्यांना कळवले, की एवढ्या मोठ्या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. मात्र मी ज्या घरात वाढले त्या घराबद्दल बोलायला सांगाल तर तासभर सहज बोलेन. ते घर दोन मोडलेल्या घरांतून उभे राहिले होते.

३० सप्टेंबर १९९३ ची, भूकंपाची पहाट आपल्या भागात कोणाला सांगावी लागत नाही. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती बोळवून लोक उशिरा झोपले होते, आणि दगडमातीच्या जाड भिंतींवर माळवदाचा भार वाहणारी घरे झोपलेल्या माणसांच्या अंगावर आली. त्यानंतर ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली. माझे वडील त्या पहाटे गेले. आमच्याच गल्लीत, चार घरे सोडून, दोन मुलांची आई गेली. मी आठ वर्षांची होते. त्या मुलांपैकी थोरला अकरा वर्षांचा आणि धाकटा सहा वर्षांचा होता. दोन वर्षांनी, पत्र्याच्या शेडमध्ये राहत असतानाच, माझ्या आईचे आणि त्या मुलांच्या वडिलांचे लग्न झाले. त्यांना मी तेव्हापासून अण्णा म्हणते.

पुनर्विवाहाबद्दल आपल्याकडे पुष्कळ बोलले गेले आहे, पण ते बहुधा लग्नाच्या मांडवापाशी थांबते. धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ साली गोदूबाईंशी लग्न केले, त्याबद्दल बहिष्कार सोसला, हे आपण शाळेत शिकतो. त्या घरात कर्व्यांच्या पहिल्या पत्नीचा मुलगा रघुनाथही होता, जो पुढे संततिनियमनाच्या कार्यासाठी ओळखला गेला, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मुलाने नव्या बाईंना काय म्हणून हाक मारली असेल, हा प्रश्न मला लग्नाच्या प्रश्नाइतकाच मोठा वाटतो. मराठवाड्याच्या शेतकरी समाजात विधवेचे दुसरे लग्न नवे नव्हते. त्याला पाट म्हणत, मोहतूर म्हणत. परंतु ते बहुतेकदा रात्री, वाजंत्रीशिवाय उरकले जाई, आणि पाटाच्या बायकोला लग्नाच्या बायकोचा मान नसे. मान नसणे याचा अर्थ सणावारी कळतो. एरवी एकाच ताटात जेवणारी माणसे सणाच्या दिवशी आपापल्या जागी बसतात, आणि कोणाला कोणती जागा आहे हे त्या दिवशी सगळ्यांना दिसते.

आमच्या घरातला पहिला पेच हाकेचा होता. दोन्ही भाऊ आईला 'मावशी' म्हणत. 'माय मरो पण मावशी उरो' या म्हणीला धरूनच कोणी तरी त्यांना ते शिकवले असावे. थोरल्याने ते शेवटपर्यंत बदलले नाही. आज त्याची मुले माझ्या आईला आजी म्हणतात आणि तो मावशी म्हणतो. धाकटा वर्षभरात कधी 'आई' म्हणू लागला, ते आमच्या कोणाच्या लक्षातही आले नाही. आईने दोघांनाही कधी हटकले नाही. 'सावत्र' हा शब्द मात्र घरात उच्चारला जात नसे. तो ज्या 'सवत' शब्दाच्या गोतावळ्यातला आहे तो संस्कृत 'सपत्नी'वरून आलेला, म्हणजे एकाच वेळी नांदणाऱ्या दोन बायकांचा. ज्या बाईबरोबर माझ्या आईने एका आडावर पाणी भरले होते, जिच्याकडून विरजण आणि येसर मागून आणले होते, तिची सवत म्हणवून घेणे आईला कसेसेच वाटे.

शाळेत नाव घालताना गुरुजींनी माझ्या नावापुढे कोणाचे नाव लावायचे असे विचारले. अण्णांनी माझ्या वडिलांचे नाव आणि आडनाव तसेच ठेवायला सांगितले. त्यामुळे आमच्या रेशनकार्डावर तीन मुले आणि दोन आडनावे होती, आणि रेशन दुकानदार दर महिन्याला त्यावरून काही तरी बोले. पुढे २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने अशाच एका प्रकरणात निर्णय दिला, की पुनर्विवाह केलेली आई मुलाचे आडनाव ठरवू शकते. कागदपत्रांत नव्या वडिलांचा उल्लेख 'सावत्र वडील' असा करावा, हा उच्च न्यायालयाचा आदेश जवळजवळ क्रूर असल्याचेही न्यायालयाने म्हटले. ते वर्तमानपत्रात वाचून अण्णा एवढेच म्हणाले, "मी तर दुकानदाराला कधीच सांगितलं होतं." आमच्या घराने त्या निर्णयाच्या उलटा मार्ग धरला होता, पण मुलावर शिक्का बसू नये, ही काळजी दोन्हीकडे एकच आहे.

आता महालक्ष्म्यांकडे वळते, कारण खरी परीक्षा तिथे झाली. भाद्रपदात अनुराधा नक्षत्रावर त्या येतात, ज्येष्ठेवर जेवतात आणि मूळ नक्षत्रावर जातात, हे सर्वांना ठाऊक आहे. कुळाचार मात्र घरोघरी वेगळा असतो. माझ्या वडिलांच्या घरचे पितळी मुखवटे ढिगाऱ्यातून निघाले. ते आजीकडे, म्हणजे वडिलांच्या आईकडे, तिच्या कुळात राहिले आणि ते योग्यच होते. अण्णांच्या घरचे मातीचे मुखवटे गेले. पहिल्या वर्षी आईने तेरणेच्या पात्रातून खडे आणून त्यांनाच महालक्ष्म्या मानले. अण्णांच्या घरी आंबील आणि सोळा भाज्या लागत. आमच्याकडे पुरणाच्या सोळा दिव्यांची आरती असे. कोणाचे काही राहायला नको म्हणून आई दोन्ही करी, आणि मूळ नक्षत्राच्या दिवशी आजारी पडल्यासारखी निजून राही. चौथ्या वर्षी थोरला म्हणाला, "मावशी, सोळा भाज्या एकाच पातेल्यात टाक की." अनेक घरांत तशी सोळा भाज्यांची एकच भाजी करतातच. आईने ते ऐकले. त्या दिवसापासून महालक्ष्म्यांचा स्वयंपाक अण्णांच्या घरचाही राहिला नाही आणि माझ्या वडिलांच्या घरचाही राहिला नाही.

पुढे पुनर्वसनाचे घर मिळाल्यावर लातुरातून नवे मुखवटे आणले. महालक्ष्म्यांपुढे त्यांची बाळे बसवतात, एक मुलगा आणि एक मुलगी. आमच्या घरात मुले तीन. आईला तीनच बाळे हवी होती, पण दुकानदार जोडी फोडायला तयार होईना, म्हणून चार घ्यावी लागली. शेजारच्या बायकांनी विचारले, की हे कोणत्या शास्त्रात आहे? आईने उत्तर दिले नाही. चौथे बाळ अजून कापडात गुंडाळून पेटीत आहे.

त्याच दिवसात सवाष्णीचा प्रश्न आला. ज्येष्ठेच्या दिवशी जेवायला सवाष्ण बोलावतात, आणि अण्णांच्या भावकीत माझ्या आईला कोणी बोलावीत नसे. कपाळी कुंकू होते, गळ्यात मंगळसूत्र होते, तरी तिचा पहिला नवरा गेलेला आहे हे कोणी विसरायला तयार नव्हते. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने विधवाप्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याचा राज्यभर गाजावाजा झाला, तेव्हा मला ते दिवस आठवले. कुंकू पुसणे थांबवणे सोपे नाही, पण पुन्हा लावलेले कुंकू मान्य करणे त्याहून अवघड आहे, असे माझे मत आहे. तर, आईला सवाष्ण म्हणून पहिले बोलावणे कोणाचे आले? माझ्या आजीचे, जिचा मुलगा गेला होता तिचे. ती स्वतः आमच्या दारात आली आणि अण्णांना म्हणाली, "तुमच्या बायकोला उद्या माझ्या महालक्ष्म्यांना जेवायला धाडा." आई त्या घरची सून होती; त्याच घरात ती पाटावर सवाष्ण म्हणून जेवली आणि आजीने तिची ओटी भरली. मी तिथे होते. कोणी रडले नाही. आजीने मला फक्त एवढेच सांगितले, की आईच्या ताटात तूप वाढ. भावकीतली बोलावणी त्यानंतर दोन-तीन वर्षांनी सुरू झाली आणि मग त्यांत कसलेही विशेष उरले नाही.

महालक्ष्म्या गेल्या की साधारण पंधरवड्याने, भाद्रपद वद्य नवमीला, अविधवा नवमी येते. नवरा हयात असताना जी बाई गेली तिच्या नावाने त्या दिवशी सवाष्ण जेवू घालतात. जुन्या पद्धतीत दुसरी बायको पहिलीच्या नावाचा टाक गळ्यात घाली. त्यामागे आदर किती आणि भीती किती, हे सांगणे कठीण आहे. आईने टाक केला नाही. नवमी मात्र तिने एकदाही चुकवली नाही. तिला त्या बाईच्या आवडीनिवडी ठाऊक होत्या, म्हणून त्या दिवशी गुळाची दशमी आणि शेंगदाण्याची पातळ चटणी ठरलेली असे. धाकट्या भावाला स्वतःच्या आईचा चेहरा आठवत नव्हता. तिला कढीत मेथी आवडत नसे, ती हसताना तोंडावर पदर घेई, हे सगळे त्याला माझ्या आईकडून कळले, तेही बहुतेक त्याच दिवशी, चुलीपुढे बसून.

माझ्या वडिलांचे काय, हा प्रश्न अण्णांनी काढला. त्यांचे श्राद्ध चुलत्याकडे होत असे. परंतु अक्षय तृतीयेला आपल्याकडे पितरांच्या नावाने करा आणि केळी ही मातीची भांडी पाण्याने भरून पूजतात, तेव्हा अण्णांनी एक करा जास्तीचा आणला. भावकीतल्या एका वृद्धाने हरकत घेतली, की परक्या गोत्राचा पितर आपल्या घरात कशाला? गावातल्या गुरुजींनी ती हरकत शास्त्रानेच मोडून काढली. सविस्तर तर्पणात आईच्या माहेरचे, बायकोच्या माहेरचे, गुरू, मित्र, इतकेच काय, ज्यांना पाणी द्यायला कोणी नाही तेही येतात, असे त्यांनी सांगितले. शास्त्राचा आधार मिळाला याचा अण्णांना आनंद झाला. मिळाला नसता तरी त्यांनी करा भरलाच असता, असे मला वाटते.

भाऊबीज आणि आजोळ यांचा हिशेब मात्र कायम गुंतागुंतीचा राहिला. भावांचा मामा दिवाळीला त्यांना न्यायला येई. मला न्यायला माझा मामा येई. पहिल्या दिवाळीत घर रिकामे झाले आणि आई-अण्णा दोघेच उरले. दुसऱ्या वर्षी भावांच्या मामाने माझ्यासाठीही परकर-पोलके आणले आणि माझ्या आईसमोर पाटावर ओवाळून घ्यायला बसला. स्वतःच्या बहिणीच्या जागी दुसरी बाई आली होती, तिच्याकडून ओवाळून घ्यायला तो बसला, यासाठी त्याने मनात काय केले असेल ते त्यालाच ठाऊक. आईला त्या दिवसापासून एक माहेर वाढले. माझ्या लग्नात मामा दोन होते, आणि अंतरपाटामागे नेण्यासाठी कोणी हात धरायचा यावर त्यांची थोडी बाचाबाची झाली. शेवटी दोघांनी एकेक हात धरला आणि मी मधे लोंबकळत मांडवात आले. छायाचित्रात ते फार वाईट दिसते.

सगळेच असे जुळून आले, असे मला सुचवायचे नाही. थोरला दहावीच्या वर्षी सहा महिने आईशी बोलत नव्हता, आणि त्याचे कारण पोळ्याला बैलांच्या शिंगांना कोणता रंग लावायचा इतके क्षुल्लक होते. मी स्वतः पंधराव्या वर्षी अण्णांना "तुम्ही माझे कोण?" असे विचारले आहे. ते शेतात निघून गेले आणि संध्याकाळी हुरडा घेऊन आले. जमिनीचा प्रश्नही होता. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे पत्नीच्या आधीच्या लग्नाचे मूल, दत्तक घेतलेले नसेल, तर नव्या वडिलांचे वारस ठरत नाही. लोकांना हे बापाच्या मरणानंतर तलाठ्याकडे कळते. अण्णांनी आधीच वकिलाला विचारून मृत्युपत्र नोंदवले आणि ते तिन्ही मुलांना बसवून वाचून दाखवले. ज्यांच्या घरी अशी मुले आहेत त्यांनी हे काम सणापेक्षाही आधी करावे, एवढी विनंती मी इथे करते.

शेवटी वेळ अमावस्येबद्दल. लातूर-धाराशिवच्या बाहेरच्या माणसाला हा सण समजावून सांगावा लागतो. मार्गशीर्षातल्या अमावस्येला गावे ओस पडतात आणि सगळे शेतात जातात. कडब्याची कोप करून आत पाच पांडव मांडतात, भज्जी, बाजरीचे उंडे आणि आंबील असते, आणि वाटेने जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून जेवायला बसवतात. आईच्या लग्नानंतरच्या पहिल्या वेळ अमावस्येला अण्णांनी माझ्या आजीला आणि चुलत्याला बोलावले, भावांच्या आजोळच्यांना बोलावले, आणि माझ्या आजोळच्यांनाही बोलावले. कोपीपुढे पंगत बसली तेव्हा कोण कोणाचे कोण, हे सांगायला निम्मा दिवस गेला असता, म्हणून कोणी विचारले नाही. शेताला निघताना आंबिलाचे बिंदगे घरच्या कर्त्याने डोक्यावर घ्यायचे असते. अण्णांनी ते थोरल्याच्या डोक्यावर दिले, धाकटा रडू लागला, म्हणून ओढ्यापासून त्याला दिले. आणि बांधापासून कोपीपर्यंतचे शेवटचे शंभरेक पावलांचे अंतर मी ते नेले. सांडले थोडे, पण आंबील सगळ्यांना पुरले.