डिशमधली साखर आणि स्नायूंच्या मूलपेशी

चयापचय आणि जनुकनियंत्रण मिळून स्नायूंच्या मूलपेशींचं विभेदन, म्हणजे त्यांचं पक्क्या स्नायूपेशींत रूपांतर, कसं घडवतात, हा आजचा विषय. पण आधी साखरेबद्दल बोलायलाच हवं.

सी-टू-सी-ट्वेल्व्ह, म्हणजे उंदराच्या स्नायूंच्या प्रयोगशाळेतल्या पेशी, वाढवलेल्यांनी हात वर करा. बरेच आहेत! आता मीडियमच्या, म्हणजे पेशींच्या पोषक द्रवाच्या, बाटलीवरचा ग्लुकोजचा आकडा ज्यांनी वाचलाय, त्यांनीच हात वर ठेवा. (हशा)

तो आकडा बहुधा लिटरला ४.५ ग्रॅम, म्हणजे २५ मिलिमोलर (द्रावणाच्या तीव्रतेचं एकक) असतो. उपाशीपोटी रक्तात असते सुमारे ५. हे मीडियम बनवणाऱ्या डल्बेकोंच्या मूळ कृतीत लिटरला १ ग्रॅमच होतं. साखर नंतर वाढवली गेली, पेशी भराभर वाढल्या आणि तीच सवय झाली. आता ५ मिलिमोलरला आपण ‘ग्लुकोजची टंचाई’ म्हणतो! रक्तातल्या नेहमीच्या पातळीला टंचाई म्हणणं मला मुळीच पटत नाही. शिवाय विभेदनासाठी वाढीला चालना देणारं १० टक्के सीरम काढून २ टक्के हॉर्स सीरम देतो, तेव्हा ग्लुकोज तेवढंच राहतं. पेशी दाट झाल्या की लॅक्टेट साचतं, फिनॉल रेड हे आम्लता दाखवणारं रंगद्रव्य पिवळं पडतं, आणि आम्लतेचा परिणाम सीरमच्या नावावर जमा होतो.

त्याहून मोठी अडचण पेशी वेगळ्या काढण्यात आहे. कोलॅजनेज या ऊतक सैल करणाऱ्या विकरात ३७ अंशांवर स्नायू सुटा करायचा, मग सॉर्टिंग, म्हणजे हव्या त्या पेशी निवडणं. यात काही तास जातात. तेवढ्यात सुप्त, म्हणजे विभाजन न करता पडून राहिलेली, मूलपेशी जागी होऊ लागते, फॉस आणि जून ही ताणाला लगेच प्रतिसाद देणारी जनुकं उसळतात. ‘सुप्त’ म्हणून मोजलेली पेशी अर्धवट जागी असते. ऊतक आधी पॅराफॉर्मल्डिहाइडने स्थिर करून घेतलं, तर हा घोळ बराच टळतो.

वेळ संपत आलीय, म्हणून मूळ मुद्दा झटपट सांगते. सुप्त पेशी, म्हणजे पॅक्स-७ हे ओळखीचं प्रथिन असलेली, मुख्यतः मेदाम्लं जाळते. एनएडी हा चयापचयातला मदतनीस रेणू भरपूर असतो. त्यावर चालणारं सर्ट-१ हे विकर डीएनए ज्यावर गुंडाळलेला असतो त्या हिस्टोन एच-४ प्रथिनाच्या १६व्या लायसिनवरचा अ‍ॅसिटिल गट काढतं, आणि स्नायूंची जनुकं बंद राहतात. पेशी जागी झाली की ग्लायकोलिसिस, म्हणजे ग्लुकोजचं विघटन, वाढतं, एनएडी घटतं, सर्ट-१ मंदावतं, अ‍ॅसिटिल गट टिकतात, जनुकं उघडतात. उंदरांच्या या पेशींत सर्ट-१चं काम बंद पाडलं, तर विभेदन अकाली सुरू होतं आणि तंतू बारीक राहतात. उलट ग्लुकोज कमी केलं, तर एएमपीके हे ऊर्जेची कमतरता ओळखणारं विकर एनएडी वाढवतं, सर्ट-१ जोर धरतं आणि विभेदन अडतं. विभेदन सुरू झालं की पुढे मायोजेनिन हे जनुकं चालू करणारं प्रथिन येतं, मायोमेकर या पेशीपटलावरच्या प्रथिनामुळे पेशी एकमेकींत मिसळतात, ऊर्जा बनवणाऱ्या मायटोकॉन्ड्रिया वाढतात.

आता पाहा, २५ मिलिमोलरची डिश या साखळीच्या पहिल्याच कडीवर हात ठेवून बसलेली असते. म्हणून विभेदनाचा प्रयोग ५ आणि २५, दोन्हीवर करा, मीडियम रोज बदला आणि शेवटी त्यात उरलेलं ग्लुकोज मोजा. मायटोकॉन्ड्रियाचा प्रश्न असेल, तर ग्लुकोजऐवजी गॅलॅक्टोज ही दुसरी साखर द्या, म्हणजे पेशींना मायटोकॉन्ड्रियावर विसंबावं लागतं; पण एकदम नव्हे. अचानक बदलाने पेशी मरतात आणि उरलेल्यांचीच सरासरी हाती लागते.